अडलेलं गणित नको, अडलेली ओळ घेऊन ये

तू विचारलेलं आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू बारावी सायन्सला आहेस, दहावीपर्यंत मराठी माध्यम. क्लासमध्ये गर्दी, शंका विचारायला संकोच. ॲपवर गणिताचा फोटो काढलास की पायऱ्या येतात, वाचताना सगळं पटतं आणि दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या पानावर सुटत नाही. साइन-कॉस आणि ई-ची घात एकत्र आली की तर हमखास. सोबत तीन गणितं दिली आहेस: (साइन एक्स)^एक्स याचा डेरिव्हेटिव्ह, ई^(२एक्स) साइन ३एक्स याचं इंटिग्रेशन, आणि ई^एक्स (१ − साइन एक्स)/(१ − कॉस एक्स) याचं इंटिग्रेशन, ज्यात तुझं उत्तर पुस्तकाशी जुळत नाही. मदत कुणाकडे आणि कशी मागू, हा तुझा मूळ प्रश्न. (^ हे चिन्ह मी घातेसाठी वापरतोय.)

सव्वीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवतोय. पोरं शंका घेऊन येतात तेव्हा दहातली आठ जण बोट ठेवतात ते गणिताच्या क्रमांकावर. "सर, हे येत नाही." मी विचारतो, कुठपर्यंत आलं? तर वही कोरी. अशा वेळी मी पूर्ण गणित सोडवून दाखवलं तरी माझा आणि त्या ॲपचा उपयोग सारखाच, म्हणजे जवळपास शून्य. ज्यांची वही अर्धी भरलेली असते, चुकीची का होईना, त्यांचं काम दोन मिनिटांत होतं. चूक दिसते, चुकीचं कारण दिसतं, आणि बहुतेक वेळा ते कॅल्क्युलसमध्ये नसतंच. ते असतं वाचण्यात.

हे तीन फंक्शन बघ: ई^(साइन एक्स), साइन(ई^एक्स), ई^एक्स · साइन एक्स. अक्षरं तीच, गणितं तीन. पहिल्याचा डेरिव्हेटिव्ह ई^(साइन एक्स) · कॉस एक्स. दुसऱ्याचा कॉस(ई^एक्स) · ई^एक्स. तिसऱ्यात चेन रूल (बाहेरच्याचा डेरिव्हेटिव्ह गुणिले आतल्याचा) नाहीच, गुणाकार आहे, म्हणून ई^एक्स (साइन एक्स + कॉस एक्स). वर्गात हे तिन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की निम्म्या वर्गाची गाडी दुसऱ्यापाशी अडते. कॉस(ई^एक्स) लिहितात आणि थांबतात, किंवा आतल्या ई^एक्सचाही डेरिव्हेटिव्ह आतच करून टाकतात.

यावर माझा एक जुना उपाय आहे. समज, एक्सच्या जागी २ घालून किंमत कॅल्क्युलेटरवर काढायची आहे. सगळ्यात शेवटी कुठलं बटण दाबशील? साइन(ई^एक्स) मध्ये आधी ई^२ काढशील, मग साइन. शेवटचं बटण साइन. म्हणजे डेरिव्हेटिव्हची सुरुवात साइनपासून, आतल्याला हात न लावता: कॉस(ई^एक्स). मग त्याच्या आधीचं बटण: ई^एक्स. तिसऱ्या फंक्शनमध्ये शेवटचं बटण गुणाकाराचं, म्हणून प्रॉडक्ट रूल. मागच्या वर्षी एक मुलगा साइन(कॉस(ई^(३एक्स))) घेऊन रडकुंडीला आला होता. मी पेन घेतलंच नाही, फक्त विचारत गेलो, "शेवटचं बटण? त्याच्या आधीचं?" त्यानं स्वतःच चार ओळी लिहिल्या. साइन, मग कॉस, मग ई, मग ३एक्स. वजा चिन्ह मात्र विसरला, ते कॉसमधून येतं. ठीक आहे, तेवढं चालायचंच.

याच वाचण्यातली दुसरी भानगड म्हणजे साइन^२ एक्स आणि साइन(एक्स^२). पहिल्यात वर्ग शेवटी, दुसऱ्यात आधी. आणि वर छोटा −१ लिहिलेला साइन म्हणजे १ भागिले साइन नव्हे, तो उलटा साइन. पहिला घातांक खरा आणि हा खोटा, यात पोरांचा दोष नाही, लिहिण्याची पद्धतच तशी पडली आहे. पण परीक्षेत हे कारण चालत नाही.

आता कॅल्क्युलेटरचं नाव निघालंच आहे तर सांगतो. परीक्षेत तो नसतो, पण घरी उत्तर पडताळायला त्यासारखं साधन नाही. ई^(साइन एक्स) चा डेरिव्हेटिव्ह एक्स = १ ला आपल्या सूत्रानं येतो १.२५३४. आता सूत्र विसर. फंक्शनची किंमत १.००१ ला काढ, १ ला काढ, वजाबाकी कर, ०.००१ ने भाग. येतं १.२५२७ च्या आसपास. जुळलं, पुढे चल. अजिबात न जुळणारं काही आलं तर एकतर सूत्र चुकलंय किंवा कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी भर वर्गात हे करून दाखवायला गेलो, यंत्र डिग्री मोडवर, आकडा काहीतरी भलताच आला आणि मी दहा मिनिटं सूत्रातच चूक शोधत बसलो. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं सांगितलं, "सर, वर डी दिसतोय." तेव्हापासून पहिलं काम ते.

हा रेडियनचा मुद्दा शिक्षक सांगतात, पोरं ऐकत नाहीत. साइनचा डेरिव्हेटिव्ह कॉस हे फक्त रेडियनमध्ये खरं. साइन एक्स भागिले एक्स, एक्स शून्याकडे जाताना १ होतं, तेही रेडियनमध्येच. डिग्रीत तेच उत्तर ०.०१७४५ येतं, म्हणजे पाय/१८०. म्हणूनच "साइन एक्स डिग्री" याचा डेरिव्हेटिव्ह विचारला की उत्तरात पाय/१८० पुढे येतो. आणि लॉगचंही तसंच: बारावीच्या पुस्तकात नुसता लॉग म्हणजे पाया ई. कॅल्क्युलेटरवरचं लॉग बटण पाया १० चं. लॉग २ पुस्तकाप्रमाणे ०.६९३, त्या बटणावर ०.३०१. पडताळणी करायची तर एलएन लिहिलेलं बटण.

तुझं पहिलं गणित. (साइन एक्स)^एक्स. तू दोनदा प्रयत्न केलास, आणि दोन्ही वेळा उत्तर चुकलं असं लिहिलंस. प्रयत्न दिलेस हे फार बरं केलंस. पहिल्यांदा तू घात खाली आणलीस, जसं एक्स^५ चं करतो तसं: एक्स · (साइन एक्स)^(एक्स−१) · कॉस एक्स. दुसऱ्यांदा तू पाया स्थिर धरलास, जसं २^एक्सचं करतो तसं: (साइन एक्स)^एक्स · लॉग(साइन एक्स). पहिल्या वेळी तू विसरलीस की घातांकही बदलतोय, दुसऱ्या वेळी विसरलीस की पायाही बदलतोय.

आता गंमत बघ. (साइन एक्स)^एक्स ला वाय म्हण आणि दोन्ही बाजूंचा लॉग घे: लॉग वाय = एक्स लॉग(साइन एक्स). डेरिव्हेटिव्ह घेतला की (१/वाय) गुणिले वायचा डेरिव्हेटिव्ह = लॉग(साइन एक्स) + एक्स कॉट एक्स. म्हणजे उत्तर (साइन एक्स)^एक्स [लॉग(साइन एक्स) + एक्स कॉट एक्स]. कंस सोडव. पहिला भाग हुबेहूब तुझं दुसरं चुकलेलं उत्तर. दुसऱ्या भागात एक साइन खाली गेला की तुझं पहिलं चुकलेलं उत्तर. तुझ्या दोन्ही चुकांची बेरीज म्हणजे बरोबर उत्तर! हा योगायोग नाही. पाया आणि घातांक दोन्ही बदलत असतील तर एकदा पाया बदलतो आणि घातांक थांबतो, एकदा उलट, आणि दोन्ही परिणाम मिळवायचे. नेहमी असंच होतं. एक्स^(साइन एक्स) वर आजच करून बघ. ॲपनं तुला लॉग घेण्याची पायरी दाखवली असेल, पण तुझी चूक किती जवळची होती हे ते सांगू शकत नाही, कारण तू त्याला फोटो पाठवलास, तुझी वही नाही.

दुसऱ्या गणिताची तक्रार तू छान लिहिलीस: "गोल गोल फिरून परत तिथेच येते." इंटिग्रेशनला आय म्हणू. साइन ३एक्स पहिलं फंक्शन धरून बाय पार्ट्स केलं की

आय = (१/२) ई^(२एक्स) साइन ३एक्स − (३/२) ∫ ई^(२एक्स) कॉस ३एक्स डीएक्स.

इथपर्यंत तुझं बरोबर आहे. पुढच्या फेरीत तू निवड उलटी केलीस. कॉसचं इंटिग्रेशन केलंस आणि ई^(२एक्स) चा डेरिव्हेटिव्ह घेतलास. मग मिळालं (१/३) ई^(२एक्स) साइन ३एक्स − (२/३) आय. ते वर घाल: (१/२) वाला भाग (१/२) नेच उडतो आणि उरतं आय = आय. खरं आहे, पण निरुपयोगी. पहिल्या फेरीत पुढे टाकलेलं पाऊल दुसऱ्या फेरीत मागे घेतलंस, एवढंच झालं.

दोन्ही फेऱ्यांत निवड तीच ठेव. दुसऱ्या फेरीतही कॉस ३एक्स पहिलं: (१/२) ई^(२एक्स) कॉस ३एक्स + (३/२) आय. आता वर घातलंस की

आय = (१/२) ई^(२एक्स) साइन ३एक्स − (३/४) ई^(२एक्स) कॉस ३एक्स − (९/४) आय.

आय परत आला, पण या वेळी −९/४ घेऊन आला. तो डावीकडे नेला की १३/४ आय, आणि उत्तर ई^(२एक्स)/१३ · (२ साइन ३एक्स − ३ कॉस ३एक्स) + सी. पहिलं फंक्शन कुठलं धरायचं यासाठी क्लासमध्ये लिएटचा क्रम (लॉग, इन्व्हर्स, अल्जिब्रा, ट्रिग, एक्स्पोनेन्शियल) पाठ करून घेतात, त्यात ट्रिग आधी आणि घात शेवटी. या गणितात तो क्रम उलटा केलास तरी चालतो, दोन्ही वेळा उलटा केलास तर. पाठांतर वाईट नाही, पण ते कशासाठी आहे हे माहीत असलं की भीती जाते.

मला स्वतःला दुसरी रीत आवडते, बोर्डाच्या पेपरात मी ती लिहायला सांगत नाही. उत्तर ई^(२एक्स) (अ साइन ३एक्स + ब कॉस ३एक्स) अशाच तोंडवळ्याचं असणार, कारण या जातीच्या फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह घेतला की त्याच जातीचं येतं. तर घे डेरिव्हेटिव्ह आणि जुळव: साइनचा सहगुणक २अ − ३ब = १, कॉसचा ३अ + २ब = ०. दोन समीकरणं, नववीतली. अ = २/१३, ब = −३/१३. झालं. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एकाला पावणेदोन मिनिटांच्या आसपास. तिथे हे उपयोगी पडतं. त्याहून झटपट हवं तर पर्यायांचा डेरिव्हेटिव्ह एक्स = ० ला बघ: मूळ फंक्शन तिथे शून्य आहे, तर उत्तराचा डेरिव्हेटिव्हही तिथे शून्यच हवा. मधलं वजा अधिक केलेला फसवा पर्याय १२/१३ देतो आणि पकडला जातो.

ई आणि साइनची ही जोडी पुस्तकात उगाच घातलेली नाही. दुचाकीचा शॉकॲब्जॉर्बर खड्ड्यातून गेल्यावर हलतो आणि शांत होतो, ते ई^(−एक्स) साइन एक्स या घराण्यातलं. डेस्मॉस किंवा जिओजेब्रावर, दोन्ही फुकट आहेत, याचा आलेख काढ. पाय/४ ला एक उंचवटा, ०.३२२ एवढा. मग थोडासा खाली, −०.०१४ पर्यंत. मग रेषा सरळ झाल्यासारखी दिसते. पण सूत्र सांगतं की पुढचा उंचवटा आहेच, फक्त पहिल्याच्या ई^(२पाय) पट, म्हणजे सुमारे ५३५ पट लहान. आलेख मोठा करत जा, सापडेल. मुलांना हे दाखवलं की दोन मिनिटं वर्ग गप्प असतो.

या दोघांचं नातं त्याहून जुनं आणि खोल आहे. ऑयलरनं १७४८ च्या ग्रंथात दाखवलं की काल्पनिक घात घेतली की ई-मधूनच कॉस आणि साइन बाहेर पडतात. आणि साइनमधला सूक्ष्म बदल कॉसच्या प्रमाणात असतो, हे आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांच्या तात्कालिक गतीसाठी वापरलं होतं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याचा उल्लेख आहे. पाटणादेवीला सहल जाते तेव्हा पोरं धबधबा बघून येतात, असो.

आता मदतीचं. माणूस असो, ॲप असो, चॅटबॉट असो, नियम एकच ठेव: आधी पंधरा-वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत आणि पेन हातात. अडलीस की जिथपर्यंत खात्री आहे त्या ओळीखाली रेघ मार. मग विचार, "या रेघेच्या खालची ओळ कशी येते?" गणित कसं सोडवायचं हे विचारू नकोस. एवढ्या नेमक्या प्रश्नाला क्लासमधल्या गर्दीतही शिक्षक उत्तर देतात, कारण त्याला अर्धं मिनिट लागतं. माझा अनुभव उलट बाजूनं सांगतो: ज्याच्या वहीत अशी रेघ दिसते त्याला मी जिन्यातही थांबून सांगतो.

इंग्रजीचा संकोच असेल तर प्रश्न मराठीतच विचार. "साइनच्या आत जे आहे त्याचाही डेरिव्हेटिव्ह घ्यायचा का?" हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही गणिताच्या शिक्षकाला कळतं. आम्हीही स्टाफरूममध्ये असंच बोलतो.

ॲपच्या पायऱ्या आल्या तर हातानं झाक आणि फक्त पहिली ओळ बघ. ती पुरली तर बाकी बघूच नकोस. चॅटबॉट समजावून छान सांगतात, आणि मधेच चिन्ह चुकवतात, तेही तितक्याच आत्मविश्वासानं. म्हणून इंटिग्रेशनचं उत्तर कुठूनही आलेलं असो, डेरिव्हेटिव्ह घेऊन बघ. इंटिग्रेशन अवघड, तपासणी सोपी, ही सवलत गणितात फार ठिकाणी मिळत नाही.

उत्तर जुळत नाही म्हणजे चुकलंच असंही नाही. साइन एक्स कॉस एक्स याचं इंटिग्रेशन एक जण (१/२) साइन^२ एक्स लिहितो, दुसरा −(१/२) कॉस^२ एक्स, ॲप −(१/४) कॉस २एक्स. तिन्ही बरोबर, फरक फक्त सीमध्ये. दरवर्षी कुणीतरी बरोबर उत्तर खोडून येतं.

आणि सुटलेलं गणित दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर परत कर. "दुसऱ्या दिवशी येत नाही" ही तुझी तक्रार तिथेच मिटेल, कारण पहिल्या दिवशी तू ते सोडवलंच नव्हतंस, वाचलं होतंस.

तिसरं गणित. बोर्डाचं लाडकं रूप: ई^एक्स (एफ + एफचा डेरिव्हेटिव्ह), ज्याचं उत्तर ई^एक्स · एफ. खाली १ − कॉस एक्स = २ साइन^२(एक्स/२). वर साइन एक्स = २ साइन(एक्स/२) कॉस(एक्स/२). भागल्यावर (१/२) कोसेक^२(एक्स/२) − कॉट(एक्स/२). इथपर्यंत तुझं अचूक आहे. मग तू एफ म्हणजे कॉट(एक्स/२) धरलंस आणि उत्तर लिहिलंस ई^एक्स कॉट(एक्स/२). पण कॉटचा डेरिव्हेटिव्ह −(१/२) कोसेक^२(एक्स/२), आणि तुझ्या ओळीत कोसेकपुढे अधिक आहे. वजा चिन्ह एफमध्येच घे: एफ = −कॉट(एक्स/२). त्याचा डेरिव्हेटिव्ह बरोबर +(१/२) कोसेक^२(एक्स/२). उत्तर −ई^एक्स कॉट(एक्स/२) + सी, जसं पुस्तकात आहे.

हे पुस्तक न उघडताही कळलं असतं. पाय/२ ते पाय या मर्यादा घाल. साइन कधी १ च्या वर जात नाही, कॉसही नाही, म्हणून मूळ अपूर्णांक त्या पट्ट्यात कुठेही ऋण नाही, आणि ई^एक्स तर नेहमीच धन. म्हणजे उत्तर धन यायलाच हवं. तुझ्या उत्तरानं येतं −ई^(पाय/२). वजा चिन्ह लावलं की ई^(पाय/२), सुमारे ४.८१.